त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात: स्पीच थेरपीचं मास्टर्स

ओसरी

२०२० साली मी मराठीत असा एखादा धागा शोधत होते. इंग्रजीत ढिगाने सापडलं, पण पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बीएस्सी, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी आणि चाळिशी उलटलेली बाई, हे सगळं एकत्र कुठेच नव्हतं. आता मास्टर्स झालं, फेलोशिपचं, म्हणजे देखरेखीखाली काम करण्याचं वर्ष झालं, नोकरी सुरू आहे. तेव्हा मला जे वाचायला हवं होतं ते लिहून ठेवते.

मी पुण्याची. मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, मग एमसीए, लग्नानंतर न्यू जर्सी, आणि चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. नोकरी वाईट नव्हती.

२०१९ च्या नोव्हेंबरात सासूबाईंना स्ट्रोक झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. रिहॅबमध्ये स्पीच थेरपिस्ट चित्रांची कार्डं घेऊन यायची. ती मुलगी चांगली होती, जीव लावून करायची. दुभाषा फोनवर असायचा. पण कार्डावर काय, तर बीव्हर आणि प्रेट्झेल, इथला प्राणी आणि इथला खाऊ. सासूबाई चित्राकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, आणि "ते... ते..." एवढंच यायचं. रिपोर्टात लिहिलं गेलं की अर्थपूर्ण बोलणं नाही.

त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला मी खोलीतला दिवा लावला आणि सवयीने श्लोक पुटपुटायला लागले. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज आला. शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. मी बटणावरचा हात न काढता तशीच उभी राहिले. श्लोक संपल्यावर विचारलं, "आई, पाणी देऊ?" तर पुन्हा "ते... ते...".

दुसऱ्या दिवशी थेरपिस्टने सांगितलं की याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. वाचाघातात, म्हणजे अफेझियात, स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून घोकलेलं, गायलेलं, मोजलेलं बरेचदा शाबूत राहतं. त्या रात्री मी वाचायला बसले, आणि ते वाचन मला पुढे वर्गापर्यंत घेऊन गेलं.

आता रस्ता कसा असतो ते. अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट (स्पीच थेरपिस्टचं इथलं नाव) व्हायला मास्टर्स लागतंच. माझं आधीचं शिक्षण दुसऱ्या विषयातलं, त्यामुळे प्रवेशाआधी काही विषय करावे लागले: ध्वनिशास्त्र, बोलण्या-ऐकण्याच्या इंद्रियांची शरीररचना, मुलांचा भाषाविकास, ऑडिओलॉजीची, म्हणजे श्रवणशास्त्राची ओळख. ॲशा ही इथली व्यावसायिक संघटना. तिच्या प्रमाणपत्राला जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि एक सामाजिक शास्त्र हेही हवं असतं. त्यातलं बरंचसं माझ्या बीएस्सीत निघालं. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं पूर्ण बॅचलर्स धरत नाहीत, तिथे एमसीए कामाला आलं. ट्रान्सक्रिप्ट पुण्याहून सीलबंद मागवण्यात काही महिने जातात, ते काम सगळ्यात आधी सुरू करा.

जानेवारी २०२१ ला हे विषय सुरू केले, नोकरी सांभाळून, बरेचसे ऑनलाइन, ध्वनिशास्त्र मात्र वर्गात. ऑगस्ट २०२२ ला मास्टर्स, तेव्हा नोकरी सोडली. दोन वर्षांत ४०० तास क्लिनिकल: २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष रुग्णांबरोबर. या तासांचे पैसे मिळत नाहीत. मग प्रॅक्सिस परीक्षा, मग क्लिनिकल फेलोशिप, ती किमान ३६ आठवडे आणि १२६० तासांची, पण पगारी. म्हणजे पहिला विषय घेतल्यापासून पूर्ण प्रमाणपत्र हातात येईपर्यंत साधारण साडेचार वर्षं. मी सुरुवातीला अडीच धरली होती.

विचारा काय विचारायचं ते. आठवेल तसं सांगेन.

---

पाटपाणी

ताई, एका बैठकीत वाचलं. मी ३९ ची, टेक्सासमध्ये, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून. व्हिसावर असताना हे करता येतं का? आणि पैशांचं कसं जमवलंत? ते तुम्ही लिहिलंच नाही.

---

ओसरी

@पाटपाणी, एच-४ वर शिकता येतं, पूर्ण वेळसुद्धा. अडतं ते कमाईपाशी. मास्टर्समधल्या प्लेसमेंट, म्हणजे रुग्णांबरोबरच्या सरावाच्या जागा, बिनपगारी असतात, पण फेलोशिपला कामाची परवानगी लागते. एच-४ वाल्यांसाठी कामाचा परवाना, ईएडी, २०१५ पासून आहे, मात्र तो काहीच जणांना मिळतो, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराची आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीनकार्डसाठी भरलेली याचिका, मंजूर झाली आहे त्यांना. तेव्हा फेलोशिपच्या वर्षी आपले कागद कुठे पोचलेले असतील, याचा हिशोब आज मांडून ठेव. माझं ग्रीनकार्ड आधीच झालं होतं म्हणून मला ही चिंता नव्हती, हे कबूल करते.

पैशांचं खरं सांगते. मी आमच्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ घेतलं. नाव मोठं नाही, पण प्रोग्रॅम मान्यताप्राप्त आहे, आणि प्रमाणपत्राला तेवढंच लागतं. फीपेक्षा मोठा आकडा होता तो न आलेल्या पगाराचा. आम्ही वही घेऊन बसलो तेव्हा नवऱ्याने पानाच्या एका बाजूला फी लिहिली आणि दुसऱ्या बाजूला माझा दोन वर्षांचा पगार. दुसरी बाजू बघून आम्ही दोघंही गप्प झालो. त्यानंतर एक अख्खं वर्ष घरखर्च त्याच्या एकट्याच्या पगारात भागवून पाहिला, माझा सगळा बाजूला टाकला. ते जमलं तेव्हाच अर्ज भरले.

कर्जाबद्दल एक महत्त्वाचं. सरकारी कर्ज नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतं, एच-४ वर नाही. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत साधं सरकारी कर्ज मिळतं, आणि वरच्या खर्चाला ग्रॅड प्लस हे दुसरं सरकारी कर्ज मिळायचं. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस बंद केलं. त्यामुळे जुने ब्लॉग वाचून गणित मांडू नकोस.

---

कोकणकडा

माझी बायको याच वाटेवर आहे, ऑक्युपेशनल थेरपी. पहिलं सेमिस्टर. मी इथे तिच्या वतीने नाही, माझ्यासाठी विचारतोय. घरच्यांनी नक्की काय केलं तर उपयोग होतो? "मी आहे ना" असं मी म्हणतो, पण त्याने तिचं ओझं हलकं होताना दिसत नाही.

---

ओसरी

@कोकणकडा, हा प्रश्न विचारलात याचं फार बरं वाटलं.

"सांग, मी करतो" याचा मला उपयोग झाला नाही, कारण सांगण्याचं काम माझ्याकडेच राहायचं. फरक पडला तो पहिल्या मिडटर्मनंतर. नवऱ्याने तीन गोष्टी पूर्ण आपल्याकडे घेतल्या: सासूबाईंची औषधं आणि डॉक्टरच्या वेळा, मुलीची शाळा, आणि रात्रीचं जेवण. पूर्ण म्हणजे आठवण ठेवण्यासकट. औषध संपत आलंय हे मला कळायचंसुद्धा नाही. सुरुवातीला दोनदा चुकलं, मी रागावले नाही, त्याने दुरुस्त केलं. जेवणात महिनाभर खिचडी आणि पिठलं आलटून पालटून होतं. कोणाचं काही बिघडलं नाही.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. फ्रिजवर मी डोक्यातल्या बारा नसांची चिठ्ठी लावली होती, इंग्रजी नावं देवनागरीत आणि पुढे काम. ती दूध घ्यायला फ्रिज उघडायची आणि विचारायची, "आई, बारावी?" मी भाजी चिरता चिरता म्हणायचे, "हायपोग्लॉसल, जीभ." "बिघडली तर?" "बाहेर काढलेली जीभ त्याच बाजूला वळते." मग ती आरशासमोर जाऊन आपली जीभ सरळ आहे ना बघून यायची. क्रेनियल नर्व्हज मला आजही त्याच क्रमाने, तिच्याच आवाजात आठवतात.

---

सोनचाफा

मला भीती वाटते ती उच्चारांची. शिकवायचं बोलणं, आणि आपलं इंग्रजी असं मराठी वळणाचं. वर्गात, पेशंटसमोर काही ऐकून घ्यावं लागलं का?

---

ओसरी

@सोनचाफा, याचं उत्तर मोठं आहे.

ध्वनिशास्त्राच्या पहिल्या तासाला बाईंनी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा तक्ता लावला. कुठला आवाज तोंडात कुठे होतो: ओठ, दात, टाळू, घसा. वर्गातल्या बावीस-तेविशीच्या मुली घाबरून गेल्या होत्या. मी मात्र बघत राहिले, कारण ती आपली वर्णमाला होती. क-वर्ग मागे, च-वर्ग टाळूला, ट-वर्ग जीभ वळवून, त-वर्ग दाताला, प-वर्ग ओठांना. सुलट्याऐवजी उलट्या क्रमाने मांडलेली, एवढंच. पहिलीत पाटीवर गिरवली ती मांडणी किती विचाराने केलेली आहे ते मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. अल्पप्राण-महाप्राण त्या मुलींना ऐकूच यायचे नाहीत. त्या "पिन" म्हणतात तेव्हा त्यांचा प आपल्या फ च्या जवळ जातो, हे मी तोंडासमोर कागद धरून त्यांना दाखवलं. कागद हलला तेव्हा सगळा वर्ग माझ्या बाकाभोवती जमला. चार मधला च आणि चाक मधला च वेगळे आहेत, आणि आपण दोन्हींना एकच अक्षर लिहितो, हे मलाही तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

दुसरी बाजूही आहे. इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच व मध्ये बसवतो. ते मला शिकावं लागलं, महिनोन् महिने, गाडीत एकटी असताना. दुसऱ्या प्लेसमेंटला एका पर्यवेक्षक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लहान मुलांबरोबर तू काम करू नयेस, ती तुझे उच्चार उचलतील. मी त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. मग विभागात जाऊन विचारलं. तिथे मला ॲशाची भूमिका दाखवली गेली: ॲक्सेंट हा दोष नाही, आणि तेवढ्यावरून कोणाला या शिक्षणातून किंवा कामातून वगळता येत नाही. मुलाला जो आवाज शिकवायचा तो थेरपिस्टला नेमका काढून दाखवता आला पाहिजे, एवढीच अट. ते मला येत होतं. मला दुसरी जागा मिळाली. त्या बाईंशी मी वाद घातला नाही, आणि घालायला हवा होता असं अजून वाटतं.

पेशंट? त्यांच्यापैकी कोणी आजवर एक शब्द बोललेलं नाही. ज्याचं स्वतःचं बोलणं गेलंय तो माणूस समोरच्याच्या उच्चारांकडे बघत नाही.

---

शनिवारपेठी

भारतात हे या वयात करता येईल का? मी ४४, बीकॉम, पुण्यात. कोणी सांगू शकेल?

---

मूर्धन्य

@शनिवारपेठी, मी मुंबईत याच क्षेत्रात बरीच वर्षं आहे, म्हणून सांगते. मन मोडायचं नाही, पण खोटी आशाही लावायची नाही.

आपल्याकडे अमेरिकेसारखं थेट मास्टर्सला जाता येत नाही. एमएएसएलपीला, म्हणजे वाणी आणि श्रवणाच्या मास्टर्सला, आधी त्याच विषयाचं बॅचलर्स, बीएएसएलपी, लागतं, ते तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्याला बारावी सायन्स. काम करायला पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी हवी. संस्था चांगल्या आहेत: वांद्र्याची अली यावर जंग, मुंबई सेंट्रलचं नायर, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि १९६५ साली सुरू झालेली म्हैसूरची आयिश. बीकॉमवाल्या बाईला हा रस्ता बारावीपासून पुन्हा सुरू होतो.

पण याला लागून असलेलं काम आहे. श्रवण, भाषा आणि वाणीचा एक वर्षाचा डीएचएलएस डिप्लोमा आहे, त्याची प्रवेशाची अट आधी नीट तपासा. कर्णबधिर मुलांसाठीचं स्पेशल बीएड पदवीनंतर करता येतं, तेही आरसीआयच्या मान्यतेचं. माझ्या ओळखीच्या एक बाई पंचेचाळिशीत ते करून आता शाळेत आहेत, आणि त्यांच्यासारखी धीराने शिकवणारी दुसरी मला माहीत नाही. फक्त कोणी सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सवर "स्पीच थेरपिस्ट" व्हा म्हणालं तर पैसे भरू नका. नोंदणी मिळणार नाही, आणि चुकीच्या थेरपीने मुलाची वर्षं जातात.

---

दूरदेशी

वेगळा सूर लावते, कारण हे वाचून कोणीतरी उद्या राजीनामा देईल.

मी ४७ व्या वर्षी ॲक्सिलरेटेड, म्हणजे कमी वेळात उरकणाऱ्या नर्सिंगला प्रवेश घेतला आणि दुसऱ्या सेमिस्टरला सोडलं. अभ्यास जमत होता, मार्क चांगले होते. बारा तासांच्या क्लिनिकल शिफ्टा कमरेला झेपल्या नाहीत. पेशंटला कुशीवर वळवताना एकदा पाठ धरली ती तीन आठवडे सुटली नाही. भरलेले पैसे गेले. आता मी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात आहे, आणि ते काम मी मनापासून करते.

माझी चूक एकच: मी पुस्तकं आधी वाचली, पण एक पूर्ण शिफ्ट आधी कोणाच्या मागे उभी राहिले नाही. ज्याला कोणाला हे करायचं आहे त्याने फी भरायच्या आधी ते काम आठ-बारा तास उभं राहून बघावं. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी.

---

ओसरी

@दूरदेशी, तुमचं लिहिणं माझ्या मूळ पोस्टमध्ये असायला हवं होतं. पूर्ण सहमत. मीही एका नर्सिंग होममध्ये (इथे म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेची जागा) आणि एका शाळेत बसून पाहिलं होतं, आणि शाळा माझ्यासाठी नाही हे तिथेच कळलं.

आणि या कामातही त्रास आहे. नर्सिंग होममध्ये मिनिटं मोजतात: किती वेळ पेशंटजवळ, किती वेळ कागदावर. फेलोशिपच्या पहिल्या दोन महिन्यांत मी नोंदी घरी आणून रात्री अकरापर्यंत लिहायचे. ते थांबवायला शिकावं लागलं.

---

पाटपाणी

ताई, तुमचा दिवस असतो कसा? नाव स्पीच थेरपी, पण मोठ्या माणसांत नक्की करता काय?

---

ओसरी

माझं निम्मं काम बोलण्याचं नाही, गिळण्याचं आहे. स्ट्रोक, पार्किन्सन्स, डिमेन्शिया, यात घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि कधीकधी ठसका न लागताच. त्यावरून न्यूमोनिया होतो. शंका असली की एक्स-रे खाली बेरियम मिसळलेलं खायला देऊन प्रत्यक्ष बघतात.

पातळ-घट्टपणाचं ० ते ७ असं एक आंतरराष्ट्रीय मोजमाप आहे, आयडीडीएसआय. दहा मिलीची ठरावीक सिरिंज भरायची, दहा सेकंद सोडायची, आणि किती उरलं ते बघायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळ, म्हणजे पातळी ०, चार ते आठ मिली उरलं तर पातळी २. विद्यार्थिनी असताना एका गुजराती आजोबांना जेवण जात नव्हतं. ताटात वाटलेली टर्की असायची, आणि आजोबा जन्माचे शाकाहारी. माहितीत लिहिलेलं होतं, स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नव्हतं. मी घरी ओट्यावर सिरिंज घेऊन बसले. ताक पहिल्याच झटक्यात रिकामं. कढी थोडी अडली. वरण गाळून, पुन्हा शिजवून, पुन्हा गाळून बघितलं, कारण एक डाळ जरी आडवी आली तरी मोजणी चुकते. मुलगी घड्याळ धरून सेकंद मोजत होती. तिसऱ्या रात्री वरण मापात बसलं. ते मोजमाप पर्यवेक्षकांना दाखवलं, त्यांनी स्वतः पुन्हा तपासलं, मग आजोबांच्या सुनेला लिहून दिलं. आजोबांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. खोलीत कोणी काही बोललं नाही.

टेस्टिंगमधली चौदा वर्षं वाया गेली का असं मला विचारतात. त्या तीन रात्री मी दुसरं काय करत होते?

---

शनिवारपेठी

मूर्धन्यताई, खूप आभार. स्पेशल बीएडची चौकशी करते.

खरं तर मी विचारलं त्याचं कारण वेगळं आहे. माझ्या आईला सहा आठवड्यांपूर्वी स्ट्रोक झाला. ती "हो" आणि "अगं" एवढंच बोलते. ओसरीताईंचं पहिलं पोस्ट वाचून काल रात्री मी तिच्याजवळ बसले आणि बे एके बे म्हटलं. बे दुणे चार तिने म्हटलं. बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पाचे दहा. मग थांबली आणि माझा हात धरून रडायला लागली. मीही रडले. मी काही चुकीचं तर केलं नाही ना? सोमवारी थेरपिस्टची वेळ मिळाली आहे.

---

मूर्धन्य

काहीच चुकीचं केलं नाहीत. वाचाघातात आतलं समजणं कमी-जास्त शाबूत असू शकतं, आपलं काय झालंय हे त्यांना कळत असणार, म्हणून रडू आलं. एक लक्षात ठेवा: पाढे येणं म्हणजे बोलणं परत आलं असं नाही. पण त्या आवाजाचा, लयीचा आधार घेऊन काम करता येतं. सूर-तालाच्या मदतीने वाक्य शिकवायची एक पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मांडली, ती आजही वापरतात. कोणाला लागू पडेल हे थेरपिस्ट तपासून ठरवतील.

---

ओसरी

@शनिवारपेठी, सोमवारी जाताना हे बरोबर ने. आई घरात कोणती भाषा बोलायची, वाचायची काय, लिहायचा हात कुठला, चष्मा आणि ऐकण्याचं काही आहे का. फोनवर पाढ्यांचं रेकॉर्डिंग कर, आईला विचारून. तिच्या माणसांचे आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे दहा-बारा फोटो काढ: तिची कढई, तिचा पोळपाट, तिची पिशवी. चित्रं ओळखायला देतील तेव्हा हे फोटो थेरपिस्टसमोर ठेव.

आणि पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला, घोगरा होतो का, ते आज-उद्या बघून ठेव आणि आधी तेच सांग. लागत असेल तर सोमवारची वाट बघू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर. घरी पाणी घट्ट करून देण्याचे प्रयोग नकोत.

---

शनिवारपेठी

ठसका लागतो, पाण्याचा. चहाचा नाही. आत्ताच फोन करते.